कुंडीतलं झाड का खुंटतं?

गॅलरीतलं मिरचीचं रोप आठ-दहा पानांवर येऊन महिनाभर तिथंच अडून बसलं की घरात, सोसायटीत आणि बागकामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच सल्ला मिळतो: खत घाला. कुणी शेणखत सुचवतं, कुणी १९:१९:१९ ची पुडी, कुणी केळीच्या सालींचं पाणी, तर कुणी तांदळाचं धुवण. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण वाढ खुंटलेल्या झाडाच्या बाबतीत खताचा विचार बहुतेक वेळा सर्वांत शेवटी करायचा असतो. आधी ऊन बघायचं, मग मुळं आणि पाणी, मग कीड. हे सगळं ठाकठीक असेल तरच खताचा डबा उघडायचा.

खत हे झाडाचं अन्न आहे, हा समज फार जुना. सतराव्या शतकात ब्रसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्तिस्ता व्हान हेल्मोंट या वैद्याने याची परीक्षा घेतली. त्याने २०० पौंड कोरडी माती तोलून एका मोठ्या भांड्यात भरली, तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंड, आणि पुन्हा वाळवून तोललेली माती घटली होती जेमतेम २ औंस. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापून आला. झाड पाण्यापासून बनतं असा निष्कर्ष त्याने काढला, तो अर्धाच बरोबर होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की झाडाच्या कोरड्या वजनातला सुमारे ९५ टक्के भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा, म्हणजे हवा आणि पाणी यांच्यातून आलेला असतो. तो जोडायचं काम ऊन करतं. मातीतून येणारा वाटा अत्यावश्यक असला तरी अगदी थोडा. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना आणि गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांना हाच हिशेब शिकवला: पानावर पडणारं ऊन हे खरं भांडवल.

म्हणून कुंडीकडे बघण्याआधी आकाशाकडे बघायचं. यात डोळा फसवतो. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो, तर खिडकीजवळच्या ‘छान उजेड’ असलेल्या खोलीत हजार-दोन हजार. आपली बाहुली लहान-मोठी होत असल्याने हा फरक आपल्याला जाणवत नाही, झाडाला मात्र तो रोज सोसावा लागतो. मिरची, टोमॅटो, वांगी यांना दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवं. ते मिळतं का, हे पाहण्यासाठी उपकरण लागत नाही. कुंडीवर हात धरावा. सावलीची कड धारदार पडली तर ते ऊन, पुसट पडली तर नुसता उजेड.

गॅलरीचं तोंड कोणत्या दिशेला आहे याचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि इथे मुंबई-पुण्याची गंमत आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की दुपारचं ऊन दक्षिणेच्या गॅलरीत आतपर्यंत शिरतं. त्यामुळे जानेवारीत तरारलेली दक्षिण गॅलरीतली मिरची जूनमध्ये अचानक थांबते. वरच्या मजल्याच्या स्लॅबने तिचं ऊन अडवलेलं असतं, त्यात पावसाळी ढग. तेव्हा घातलेलं खत कुंडीत पडून राहतं. उपाय एकच: कुंडी हलवा. हलवायला जागाच नसेल तर तिथे मिरचीचा हट्ट सोडून पुदिना लावावा.

उन्हाच्या टंचाईची खूण वेगळी असते. झाड बुटकं राहत नाही, उलट उंच आणि किडकिडीत होतं. दोन पानांमधली पेरं लांबतात, पानं फिकट पडतात, सगळा शेंडा उजेडाकडे वाकतो. याउलट पेरं आखूड, पानं लहान पण गडद, आणि झाड जागच्या जागी थिजलेलं असेल, तर उन्हाला दोष देऊ नये. गडबड मातीच्या पृष्ठभागाखाली आहे.

ती बघायची तर झाड कुंडीतून बाहेर काढावं लागतं, आणि नेमकं हेच करायला लोक घाबरतात. आदल्या दिवशी पाणी द्यावं, कुंडीच्या कडेने सुरी फिरवावी, खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरून कुंडी उलटी करावी आणि तिच्या बुडावर थाप मारावी. मातीचा गड्डा अख्खा हातात येतो. आता नीट बघा. पांढरी, टवटवीत टोकं असलेली मुळं गड्डाभर पसरलेली असतील तर मुळं निरोगी आहेत. मुळं तपकिरी, चिकट, कुबट वासाची असतील, ओढल्यावर वरची साल सुटून आत नुसता दोरा उरत असेल, तर ती मूळकूज. मुळांनी कुंडीच्या आकाराचं जाळं विणलं असेल आणि माती जवळजवळ दिसतच नसेल, तर झाडाला कुंडी पुरेनाशी झाली आहे.

कुंडीचा आकार हा दुय्यम मुद्दा वाटतो, तो तसा नाही. २०१२ साली जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रातल्या हेंड्रिक पोर्टर आणि सहकाऱ्यांनी कुंडीतल्या रोपांवरच्या ६५ अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले. कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे तुमचं झाड किती मोठं होणार हे बऱ्याच अंशी कुंडी विकत घेतानाच ठरलेलं असतं. बोन्सायवाले हेच हत्यार जाणूनबुजून वापरतात. मिरचीला १२ इंची कुंडी चालते, टोमॅटोला १५ ते २० लिटर मातीची जागा हवी. कढीपत्ता त्याहून मोठा पिंप मागतो. कोथिंबीर-मेथी मात्र सहा इंच मातीत खुशाल येतात.

गड्डा बाहेर काढला की आणखी एक प्रकार सापडतो, आणि माझ्या मते शहरातल्या निम्म्या खुंटलेल्या फुलझाडांचा दोषी तोच असतो. आपल्याकडच्या नर्सऱ्यांमधली पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या रोपवाटिकांच्या पट्ट्यातून ट्रकने येतात. लांबच्या प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून ती चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. आपण पिशवी फाडतो आणि तो गोळा तसाच भुसभुशीत मातीत बसवतो. पाणी घातलं की ते भुसभुशीत मातीतून भराभर खाली जातं, आणि मधला गोळा एक तर कोरडा ठणठणीत राहतो नाहीतर एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही. मुळं गोळ्याबाहेर पडतच नाहीत. वर्षाने उपटलेल्या जास्वंदीच्या बुडाशी मुठीएवढा दगड झालेला गोळा जसाच्या तसा निघतो. असं रोप आणल्यावर गोळा बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवावा, बाहेरचा एक तृतीयांश भाग बोटांनी हलकेच सोडवावा, मग लावावं. हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला करावं, एप्रिलच्या उन्हात मुळीच नको.

आता पाण्याकडे. कुंडीतली झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. मुळांनाही श्वास लागतो आणि त्यासाठी मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असावी लागते. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन अडतो, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग वर पानं मलूल होतात, आपल्याला वाटतं झाड तहानलं, आणि आपण आणखी पाणी ओततो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे मातीत ओलीबरोबर हवाही खेळू लागल्याशिवाय, पुढचं पाणी देत नाही. कुंडीतही तोच नियम. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावी. टोकाला ओल लागली तर आज पाणी नाही. कुंडी लहान असेल तर ती उचलून बघावी, वजनाचा अंदाज चार दिवसांत हाताला येतो.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालायची जुनी पद्धत आहे. आपल्या आजोबांनी घातली, माळी घालतात, पुस्तकांतही छापलेली असते. तरी ती चुकीची आहे. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकायचं तेवढं पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंजच्या तळाशी अमुक एका उंचीचा थर पाणी धरून ठेवतो. आडव्या स्पंजमध्ये त्या थराने बरीच जागा व्यापलेली असते, उभ्यामध्ये थोडी. मातीचंही असंच आहे. बारीक छिद्रांची माती आपल्या बुडाशी एक चिंब थर धरून ठेवते, आणि त्या थराची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खाली खडी घातली की बारीक छिद्रांतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. मग चिंब थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ, जाऊन बसतो. दहा इंची कुंडीत दोन इंच खडी घातली तर आपण फक्त आठ इंची कुंडी विकत घेतलेली असते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी ठेवावी आणि वरपर्यंत एकसारखी माती भरावी. कुंडीखालची ताटली मात्र पावसाळ्यात काढून टाकावी. खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करतील, त्यांना कढीपत्ता पाठवावा.

निचरा हवा असेल तर माती बदलावी लागते. देशावरची काळी माती शेतात सोन्यासारखी, कुंडीत मात्र अवघड. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. कुंडीत आकसली की कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी गड्ड्याला न भिजवता त्या फटीतून खाली निघून जातं. कोकणातली लाल माती निचऱ्याला बरी, पण ती आम्लधर्मी, आणि तिच्यातलं लोह व अॅल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवतात. घरगुती कुंडीसाठी माती, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं खत साधारण सारख्या प्रमाणात, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण पुरतं.

‘पूर्ण कुजलेलं’ यावर जोर द्यायला हवा. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि झाडांचा पाला यांच्यापासून उत्तम माती होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर या शतकाच्या सुरुवातीला कॅन्टीनच्याच कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या वाढवल्या गेल्या. पण अर्धवट कुजलेला पाला किंवा लाकडाचा भुसा कुंडीत गेला तर तो कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि झाड उपाशी राहतं. कच्च्या शेणखतातून आणखी एक पाहुणा येतो, हुमणी. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली ही अळी मुळं कुरतडते. वरून काहीच दिसत नाही, झाड नुसतं थांबतं. गड्डा उलटला की ती दिसते, आणि इलाजासाठी चिमटा पुरतो.

इतकं सगळं तपासून झालं असेल आणि कीडही नसेल (तिच्याकडे पुढे येऊच), तर आता खत. पण कोणतं? ते पानं सांगतात, फक्त कोणती पानं हे बघावं लागतं. नत्र आणि मॅग्नेशियम झाड एका जागेहून दुसरीकडे हलवू शकतं. टंचाई आली की ते जुन्या पानांतून काढून नव्या शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. सगळं पान सारखं पिवळं झालं तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा पानात गेले की तिथेच राहतात. त्यामुळे कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या आणि खालची पानं ठणठणीत असतील, तर ती लोहाची कमतरता.

आणि इथेच कढीपत्त्याचं ताक येतं. घरोघरी कढीपत्त्याला आंबट ताक घालतात, आणि यामागे तर्क आहेच. बोअरवेलच्या जड पाण्याने आणि चुनखडीच्या मातीने कुंडी अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. ताकातल्या आम्लाने ते थोडं मोकळं होऊ शकतं. मात्र मोठ्या कुंडीतल्या चुन्यापुढे पेलाभर ताकाचा जोर फार काळ टिकत नाही. पिवळेपणा ताकाने गेला असं ठासून सांगणाऱ्याला, त्याच आठवड्यात कुंडी उन्हात हलवली होती का, हे जरूर विचारावं. पिवळेपणा खरंच लोहाचा असेल तर चिलेटेड लोह पाण्यात मिसळून देणं जास्त भरवशाचं. साधी हिराकस (फेरस सल्फेट) अशा मातीत लवकर निकामी होते. आणि कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसत असेल तर कोणतंच खत नको. ती साचलेल्या क्षारांची खूण. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत.

मिरचीच्या बाबतीत हे सगळं नीट असूनही कधी कधी शेंडा आवळला जातो, पानं चुरगळतात आणि झाड बुटकं राहतं. हा चुरडा-मुरडा, म्हणजेच बोकड्या. याची तीन कारणं आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा. पानांच्या कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर फुलकिडे. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी, पिवळसर, धाग्यासारखे बारीक किडे पडून पळू लागतात. कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, देठ लांबले असतील आणि पानाची खालची बाजू तांबूस चकाकत असेल तर पिवळी कोळी. ती जेमतेम ०.२ मिलिमीटर असते, भिंगाशिवाय दिसत नाही. फुलकिड्यांसाठी पानांच्या खालून पाण्याचा फवारा आणि पाच टक्के निंबोळी अर्क, कोळीसाठी पाण्यात विरघळणारं गंधक, तेही भर उन्हात नाही. तिसरं कारण विषाणूचं. पानं इवलीशी होतात, पिवळट पडतात, शेंड्याला गुच्छ होतो, फुलं धरत नाहीत. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि त्यावर औषध नाही.

टोमॅटो-वांग्याच्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी. शेंगवर्गातल्या झाडांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या बोटाने सहज निघतात, आतून गुलाबी असतात आणि झाडाच्या कामाच्या असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती निघत नाही. ती माती पुन्हा टोमॅटोला वापरू नये. तीत एक हंगाम झेंडू लावावा, त्याची मुळं सूत्रकृमींना मारक द्रव्य सोडतात.

काही झाडं मात्र आजारी नसतातच. मेंडेलने अभ्यासलेला बुटका वाटाणा जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक पुरेसं तयार करू शकत नव्हता, एवढंच. हरित क्रांतीतला बुटका गहूही जातीनेच बुटका. कुंडीसाठी विकल्या जाणाऱ्या टोमॅटोच्या अनेक जाती अशाच ठेंगण्या असतात, तेव्हा बियांचं पाकीट फेकण्याआधी वाचावं. कढीपत्ता पुण्या-नाशिकच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत पानही हलवत नाही. त्याला तेव्हा खत-पाणी वाढवणं म्हणजे मुळं कुजवणं. फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की तो आपणहून फुटतो.

वाढ थांबली आहे की मंदावली आहे, हेही मोजल्याशिवाय कळत नाही. जगदीशचंद्र बोसांच्या क्रेस्कोग्राफने झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवली होती. आपल्याला कुंडीत रोवलेली काठी आणि तिच्यावर दर रविवारी मार्करने केलेली खूण पुरे. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन आठवडे थांबावं. ऊन, कुंडी आणि खत एकाच दिवशी बदललं तर झाड सुधारलं तरी का सुधारलं ते कळणार नाही.

विषाणूच्या बोकड्याने आवळलेली मिरची मात्र मोजत बसू नका. ती प्लास्टिकच्या पिशवीत झाकून, मग मुळासकट उपटा आणि पिशवीची गाठ मारून टाकून द्या, म्हणजे तिच्यावरच्या माश्या शेजारच्या टोमॅटोवर जाणार नाहीत. माती ठेवा. हा विषाणू मातीतून पसरत नाही, त्याच कुंडीत नवं रोप लावता येतं.